‘परत म्हण बघू!’ : बडोद्यातल्या मराठी पालकांना खुले पत्र

बडोद्यातल्या दोन ते आठ वर्षांच्या मुलांचे आई-बाबा, आणि त्याच घरात राहणारे आजी-आजोबा, काका, आत्या, मामा यांना,

सप्रेम नमस्कार.

आम्ही काही जणी बालवाडीत शिकवतो, काही जणी मुलांच्या वागण्याबद्दल पालकांशी बोलायचं काम करतो. जानेवारीचा पहिला पंधरवडा संपला की एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून यायला लागतो : "आमच्याकडे कोणी असं बोलत नाही हो, मग हा शिकला कुठे?" उत्तर बहुतेक वेळा धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, सापडतं. १४ला उत्तरायण, १५ला वासी उत्तरायण. दोन दिवस अख्खं घर गच्चीवर. चार वर्षांचा मुलगा फिरकी धरून उभा आहे, पुढे मोठा दादा ढील देतोय, पेच लागलाय. पतंग कापला जातो. समोरच्या धाब्यावरून ‘काप्यो छे’ची आरोळी आणि थाळ्यांचा आवाज, आणि आपल्या धाब्यावरून दादाच्या तोंडून आई-बहिणीवरून एक सणसणीत शिवी. फिरकीवाल्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, कान मोकळे असतात. १६ तारखेला वरणभात कालवताना तोच शब्द, त्याच चालीत, ताटावर येतो. ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’च्या सणाला हे व्हावं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

सण तोंडावर आलाय म्हणून हे पत्र आत्ता. बाकीचे अकरा महिने शाळेच्या वर्धीची (मुलांची रोज ने-आण करणारी) रिक्षा, मोबाइल, सोसायटीच्या कंपाउंडमधलं क्रिकेट आणि घरातली मोठी माणसं हे काम चालू ठेवतातच. शब्द कानावर पडणारच. तो पडल्यावर तुमच्या चेहऱ्याचं काय होतं आणि पुढचे दोन-तीन आठवडे तुम्ही काय करता, त्यावर तो राहणार की जाणार ते ठरतं.

पहिल्या दहा सेकंदांत जवळजवळ प्रत्येक घरात एकच नाटक होतं. डोळे मोठे करून आई म्हणते, "काय म्हणालास? परत म्हण! परत म्हण बघू!" मूल आईचं ऐकतं आणि परत म्हणतं. मग थोबाडीत बसते. यातून त्याच्या हाती काय लागलं ते बघा. एक, शब्दाची उजळणी झाली. दोन, हा शब्द उच्चारला की आई हातातलं काम टाकून, गॅस बंद करून आपल्याकडे बघते, हे कळलं. तीन, आईने सांगितलं ते केलं तरी मार बसू शकतो. आपल्याला यातलं एकही शिकवायचं नव्हतं. म्हणून आमची पहिली विनंती : ‘परत म्हण बघू’ हे वाक्य घरातून काढून टाका. ऐकू आलं नसेल तर आलं नाही, सोडून द्या.

दोन-तीन वर्षांचं मूल रोज नवे शब्द उचलतं आणि त्यातले बरेच वापर नसल्यामुळे गळून जातात. जे वारंवार कानावर पडतात, जे कोणीतरी मोठ्या आवेशात उच्चारतं आणि जे उच्चारल्यावर समोर काहीतरी घडतं, ते टिकतात. शिवीत या तिन्ही गोष्टी असतात. शिवाय ती आखूड असते, ठसक्यात म्हटली जाते, तोंडात चांगली बसते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टिमथी जे यांनी मुलांच्या शिव्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या मते मुलांकडे निषिद्ध शब्द वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आसपास दिसायला लागतात, आणि अकरा-बाराव्या वर्षापर्यंत त्यांचा हा साठा मोठ्यांसारखा होतो. तिकडची मुलं वेगळी आणि आपली वेगळी, असं म्हणायला आम्हाला तरी काही आधार दिसत नाही. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाने शिवी दिली म्हणजे संस्कार कमी पडले, घराण्याचं नाव गेलं, असा सूर लावू नका. त्याचे कान चांगले आहेत, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मग करायचं काय? चेहरा जसा होता तसा ठेवा. अवघड आहे, पण आरशासमोर सराव करता येतो आणि खरंच करून बघा. दोन श्वास जाऊ द्या. तेवढ्यात तीन गोष्टी बघून घ्या. तो शब्द नक्की शिवीच होता का? लहान मुलांना ‘र’ उशिरा येतो, जोडाक्षरं ती तोडून टाकतात, ‘ट’चा ‘त’ करतात. त्यामुळे फळाचं किंवा गाडीचं नाव भलतंच ऐकू येतं. अशा वेळी मोठी माणसं खो-खो हसतात, मूल तो शब्द मुद्दाम तसाच म्हणायला लागतं आणि नसलेली शिवी तयार होते. दुसरी गोष्ट, तो शब्द कोणाला उद्देशून होता, की हातातली गाडी पडली म्हणून हवेत गेला? तिसरी, मूल रागात होतं, खेळात होतं, की नुसतं तुमच्याकडे बघून वाट पाहत होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलाच्या डोळ्यांत असतं. शब्द टाकून ते तुमच्या तोंडाकडे बघत उभं असेल, तर तो प्रयोग चाललाय आणि तुम्ही प्रयोगाचं सामान आहात.

तीन वर्षांच्या आत असेल तर काहीच बोलू नका. प्रसंगाला शोभणारा शब्द तुम्ही म्हणा : "पडली का गाडी? अरेरे!" आणि पुढच्या कामाला लागा.

तीन ते पाच या वयात एक वेगळीच लाट येते : शी, शू, पादणं. ‘शीवाली आजी’, ‘शूचा लाडू’ म्हणून दोन मुलं पोट धरून हसतात. या वयात शौचाचं शिक्षण नुकतंच झालेलं असतं, त्याचं सगळ्या घराने कौतुक केलेलं असतं आणि तेच शब्द जेवताना काढले की मोठी माणसं कासावीस होतात, ही त्यांना फार मोठी गंमत वाटते. इथे बंदी घालू नका, जागा ठरवा. "हे शब्द बाथरूममध्ये. तुला म्हणायचे असतील तर तिथे जाऊन म्हणून ये." मूल जातं, रिकाम्या भिंतींना दोन वेळा ऐकवतं आणि कंटाळून परत येतं. प्रेक्षक नसले की या विनोदात दम राहत नाही. ही लाट बहुतेक मुलांमध्ये हळूहळू आपोआप ओसरते.

याच वयात खरी शिवी आली तर एकच वाक्य. सात-आठ शब्दांपेक्षा मोठं नको. आवाज ‘चप्पल जागेवर ठेव’ म्हणताना असतो तेवढाच. "हा शब्द आपण वापरत नाही." लगेच पुढे : "राग आला का? मग ‘मला राग आलाय’ म्हण." दुसरं वाक्य विसरू नका, कारण नुसतं ‘हे नको’ म्हटलं की मुलाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं जातं आणि राग तसाच राहतो. येल विद्यापीठातले बालमानसशास्त्रज्ञ ॲलन काझदिन पालकांना नेमकं हेच सांगत आले : नको असलेल्या वागण्याच्या जागी कोणतं वागणं हवं ते आधी ठरवा आणि ते दिसलं की तिथल्या तिथे कौतुक करा. रात्री झोपताना ‘आज शहाण्यासारखा वागलास’ म्हणून उपयोग नाही. बहिणीने ठोकळ्यांचा मनोरा पाडला आणि मूल दात-ओठ खाऊन ‘मला खूप राग आलाय!’ असं ओरडलं, तर ते ओरडलं याकडे दुर्लक्ष करा आणि त्याच क्षणी म्हणा, "राग आला ते सांगितलंस, बरं केलंस. चल, परत रचू." रागाला वाट म्हणून मुलांना स्वतःचे शब्द बनवायलाही आवडतं. ‘भोपळ्या!’, ‘सडका टमाटा!’ असलं काहीतरी. जोरात म्हणता आलं पाहिजे, नाहीतर त्याचा काही उपयोग नाही. ‘अगंबाई’ म्हणून कोणाचाही राग निघत नाही.

पाच ते आठच्या मुलांना अर्थ सांगावा लागतो. "घाण शब्द आहे, विचारू नकोस" असं म्हटलं की ती तोच प्रश्न वर्धीच्या रिक्षात दुसरीतल्या दादाला विचारतात आणि तो जे सांगतो ते ऐकून तुम्ही उडाल. अर्थ पूर्ण सांगायची गरज नाही, पण खोटा सांगू नका. "हा शब्द दुसऱ्याच्या आईबद्दल वाईट बोलायला वापरतात. ज्याला म्हणतात त्याला खूप लागतं." बालवाटिकेतल्या (पहिलीच्या आधीच्या वर्गातल्या) मुलाला एवढं पुरतं. शब्द शरीराच्या भागाचा असेल तर : "हे खासगी अवयवाचं नाव आहे. अवयव वाईट नाही. पण लोक ते नाव दुसऱ्याला दगड मारावा तसं फेकून मारतात." यासाठी मुलाला त्या अवयवाचं खरं नाव आधी माहीत असायला हवं. शिश्न, योनी हे शब्द आंघोळ घालताना, कोपर आणि गुडघा म्हणतो त्याच आवाजात सांगून टाकावेत. ज्या घरात त्या भागाला नावच नाही, तिथे मुलाला मिळणारं पहिलं नाव शिवीतून मिळतं.

आता एक इशारा, कारण इथेच बरेच पालक हात टेकतात. तुम्ही शांत राहायला लागलात की पहिले काही दिवस शिव्या वाढतात. दिवसाला दोनदा येणारा शब्द दहा वेळा येतो, मोठ्याने येतो, पाहुण्यांसमोर येतो. पालक म्हणतात, "तुमच्या शांत राहण्याने उलट बिघडलं!" बिघडलं नाही. जे वागणं आजवर फळ देत होतं ते देईनासं झालं की ते बंद पडण्याआधी एकदा उसळतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या काळापासून वर्तनशास्त्राला हे माहीत आहे. बंद पडलेल्या लिफ्टचं बटण आपणही आधी पाच वेळा दाबतो. या उसळीत तुम्ही टिकलात तर साधारण दोन-तीन आठवड्यांत शब्द विरतो. या उसळीत तुम्ही एकदा भडकलात, तर मुलाला कळतं की दहा वेळा म्हटलं की मिळतं.

म्हणून घरातल्या सगळ्यांचं एक वाक्य ठरलेलं असावं, शब्दशः एक. आई शांत, बाबा ओरडणार, आजी देवाची भीती घालणार आणि काका टाळी देणार, अशा घरात शिवी वर्षभर मुक्काम ठोकते. या चौघांत सर्वांत जास्त नुकसान काका करतो. कधीतरी मिळणारं बक्षीस नेहमी मिळणाऱ्यापेक्षा सवय जास्त घट्ट करतं. दहा वेळा दुर्लक्ष झालं आणि अकराव्या वेळी काकाने "अरे वा, मोठा झाला हं पठ्ठ्या!" म्हणून हसून मोबाइलवर व्हिडिओ काढला, तर मागची दहा वेळची मेहनत पाण्यात. तो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर जातो, मूल स्वतःलाच बघतं, सगळे हसताना बघतं. हसू आवरत नसेल तर तोंड फिरवा, पाणी प्यायला जा, काहीही करा. आणि हेही बघा की तोच शब्द मुलीने काढला तर काका हसत नाही. "मुलीच्या जातीला शोभतं का?" असं ऐकू येतं. मुलगा आणि मुलगी एकाच घरात असतील तर दोघांनाही हा फरक फार लवकर कळतो, आणि ठरलेलं वाक्य दोघांना सारखंच लागू नसेल तर ते मुलीवर चालत नाही आणि मुलावर तर अजिबातच नाही.

शिक्षांबद्दल थोडक्यात. जिभेला मिरची लावणं हे अजून चालतं, ते थांबवा. मिरचीतलं आग करणारं द्रव्य, कॅप्सेसिन, जिभेवर थांबत नाही. मूल रडत हात तोंडाला लावतं, तोच हात डोळ्याला जातो, ठसका लागला तर श्वासनलिकेत. साबणाने तोंड धुण्याचंही तेच : पोटात गेला तर उलटी, आणि भांडी-कपड्यांची पावडर किंवा लिक्विड असेल तर तोंड-घशाला इजा. मारानेही शब्द जात नाही, तुमच्यासमोर म्हणायचा तेवढा बंद होतो. शाळेत तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंदी आहे. एखाद्या बाईंनी शिवीसाठी मुलाला वर्गासमोर कान धरून उभं केलं, तर "बरं केलंत बाई" म्हणू नका.

आता थोडं आपल्या घरातल्या बोलण्याबद्दल. आजोबांचं ‘शिंच्या’, बाबांचं ‘च्यायला’, आजीचं लाडाने म्हटलेलं ‘मेल्या’ हे आपल्या कानांना शिव्या वाटत नाहीत. वाघोडिया रोडवर गाय आडवी आली, मागच्याने हॉर्न मारला, की बाबांच्या तोंडून जे जातं ते तर ‘ट्रॅफिकमधलं बोलणं’ असतं. मुलाकडे ही वर्गवारी नाही. मोठ्या माणसाच्या तोंडून शब्द गेलाच तर सारवासारव करू नका. "माझ्या तोंडून नको तो शब्द गेला. मला राग आला होता. ‘अरे देवा’ म्हणायला हवं होतं." बस. मोठ्यांना वेगळा नियम आणि छोट्यांना वेगळा, हे सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला पटवता येत नाही. त्याचा प्रयत्नही करू नये.

बडोद्याच्या मुलाच्या डोक्यात तीन-चार भाषा एकदम चालू असतात. घरी मराठी, खाली खेळताना गुजराती, टीव्ही-मोबाइलवर हिंदी, शाळेत इंग्रजी. प्रत्येक भाषेतल्या शब्दाचं वजन मुलाला कळत नाही हे ठीक, पण पालकांनाही कळत नाही. मराठी शिवी ऐकून कानात शिसं ओतल्यासारखं होणारी आई गुजराती शिवी ‘ही काहीतरी म्हण असेल’ म्हणून सोडून देते. इंग्रजीतली तर काही घरांत ‘स्मार्ट’ वाटते. उलटही होतं : ‘गधेडा’ ऐकून एखादं घर हादरतं, आणि तो शब्द मैदानात मित्राला हाक मारण्याइतका हलका असतो. शंका असेल तर शेजारच्या गुजराती काकूंना विचारा. वजन त्यांना नीट माहीत असतं. आणि मग सगळ्या भाषांसाठी नियम एकच ठेवा.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. वर जे शांत राहायचं, आखूड बोलायचं, लक्ष काढून घ्यायचं सांगितलं, ते अवयवांच्या, शौचाच्या, आई-बहिणीवरच्या शिव्यांना लागू आहे. दुसऱ्या एका प्रकाराला ते लागू नाही, आणि नेमका तोच प्रकार आपल्या घरांतून बिनबोभाट जातो. जातीचं नाव शिवी म्हणून वापरणं. दुसऱ्या धर्माच्या लोकांसाठीचे शब्द. ‘लंगड्या’, ‘बहिरट’, ‘मेंटल’, ‘चकणा’, ‘काळू’, ‘ढोल्या’. अवयवाचं नाव घेतलं म्हणून थोबाडीत खाल्लेलं मूल संध्याकाळी झाडूवाल्या मावशींना जातीवरून काहीतरी म्हणतं आणि कोणाची मान वर होत नाही, कारण ते शब्द घरात जेवणाच्या टेबलावर रोज फिरतात. घरातल्या शिव्यांच्या यादीत हे शब्द सर्वांत वर हवेत. त्यांत एक समोरचा माणूस असतो आणि तो खाली ढकलला जातो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांच्या नजरेसमोर जातीवाचक शिवी देणं हा मोठ्यांसाठी १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, एवढं तरी लक्षात ठेवा.

असा शब्द आला तर दुर्लक्ष करू नका, ओरडूही नका. बाजूला घेऊन, मुलाच्या उंचीला बसून, पूर्ण कारण सांगा : "तू त्यांना त्यांच्या जातीच्या नावाने चिडवलंस. कोणी कुठे जन्मलं यावरून कोणी कमी नसतं. आपण असं बोलत नाही, बाबाही बोलणार नाहीत." शेवटचे तीन शब्द खरे असतील तरच म्हणा. माफी तिथल्या तिथे, चार लोकांसमोर, मानगूट धरून मागायला लावू नका. तोंडाने ‘सॉरी’ निघतं आणि मनात ज्याच्यामुळे मानगूट धरली गेली त्याचाच राग बसतो. मूल शांत झालं की त्याला काहीतरी करू द्या : मित्राचा पाडलेला किल्ला परत बांधायला मदत, मावशींना स्वतःच्या हाताने पाणी. सहा-सात वर्षांचं मूल मग स्वतःहून चार शब्द बोलतं, आणि ते शब्द त्याचे असतात.

"कोणी शिकवलं?" हा प्रश्न टाळा. तीन-चार वर्षांचं मूल मोठ्यांना आवडेल ते नाव सांगतं. "त्या मागच्या वस्तीतल्या मुलाने ना?" म्हटलं की "हो" म्हणतं, कारण तुम्हाला तेच हवं आहे हे त्याला दिसतं. मग कामवाल्या बाईंच्या मुलाशी खेळणं बंद होतं आणि शब्द येतच राहतो, कारण तो हॉलमधल्या सोफ्यावरून आलेला असतो. रात्री झोपताना, सहज : "हा शब्द कुठे ऐकलास? तेव्हा काय चाललं होतं?" एवढं विचारा आणि थांबा.

सोफ्याबद्दल बोलतोच आहोत तर : कॉलेजातला दादा मोबाइलवर बीजीएमआय हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळतो, कानात हेडफोन. घराला वाटतं आवाज बाहेर येत नाही. पलीकडच्या खेळाडूंचा येत नाही, दादाचा स्वतःचा येतो, आणि मॅच हरताना तो काय बोलतो हे त्याला स्वतःला ऐकू येत नाही. लहान मूल त्याच खोलीत असेल तर दादा दुसऱ्या खोलीत. मुलाच्या हातात फोन द्यायचाच असेल तर यूट्यूब किड्समध्ये फक्त तुम्ही मंजूर केलेलेच व्हिडिओ दिसतील असा पर्याय आहे, तो निवडा. ऑटोप्ले बंद करा. नेहमीच्या यूट्यूबमधली गाळणी शंभर टक्के नसते, हे यूट्यूबच सांगतं. ओटीटीवर २०२१च्या नियमांपासून यूए १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांचं कुलूप देणं सक्तीचं आहे, पण ते लावायचं काम तुमचं, आणि पिन १२३४ ठेवला तर बालवाटिकेतलं मूलसुद्धा उघडतं. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, हे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं शिव्यांसाठी नाही, पण इथेही कामी येतं.

वर्धीच्या काकांशी जून महिन्यातच बोलून घ्या. तक्रार म्हणून नाही. "काका, पुढच्या सीटवर लहान, मागे मोठे, असं बसवाल का?" एवढ्यानेही बराच फरक पडतो, कारण शब्द बहुतेक चौथी-पाचवीकडून बालवाटिकेकडे जातात. आणि उत्तरायणाला : लहान मुलाला पेच लढवणाऱ्या टोळक्याची फिरकी देऊ नका, पाच वर्षांखालच्यांचा छोटा पतंग आणि फिरकी वेगळ्या कोपऱ्यात, एका मोठ्या माणसासोबत. धाब्यावर चढायच्या आधीच तरण्या पोरांना सांगून ठेवा की पतंग कापला की ओरडायचं ते ‘लपेट!’ किंवा आणखी काय हवं ते, पण ठरवून. ऐन वेळी धाब्याच्या या टोकावरून त्या टोकाला "अरे, मुलं आहेत!" असं ओरडू नका. त्याने ज्या मुलांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही कळतं की आत्ता काहीतरी भारी झालं.

शाळेतून किंवा शेजाऱ्यांकडून तक्रार आली तर आधी नेमका शब्द विचारा. ‘गंदी बात’, ‘घाण बोलला’ यावर काही करता येत नाही. त्यात ‘शी’पासून सगळं येतं. कोणाला म्हणाला, आणि त्याच्या आधी काय झालं होतं, हेही विचारा. आपलं घरचं वाक्य बाईंना सांगा, त्यांनी तेच वापरलं तर काम निम्म्या वेळात होतं.

क्वचित मामला वेगळा असतो. पाच-सात वर्षांच्या पुढचं मूल डोळे मिचकावणं, मानेला झटका, घसा साफ करणं असं काही वारंवार करत असेल, ते थांबवता येत नसेल आणि त्यातच एखादा शब्द उचकीसारखा बाहेर पडत असेल, तर तो टुरेट नावाचा मज्जासंस्थेचा विकार असू शकतो. टुरेट असलेल्यांतही शिव्या बाहेर पडणं दहांत एखाद-दोघांनाच होतं, पण तिथे शिस्तीचा काही उपयोग नाही, डॉक्टर लागतात. सयाजी हॉस्पिटलमध्ये बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी, प्रसंग नसतानाही, पुन्हा पुन्हा म्हणत राहणारं आणि स्वतःचं बोलणं मागे पडलेलं मूल असेल तरीही तिथे दाखवा.

आणि एक गोष्ट अशी की जिथे शांत चेहरा हवाच, पण गप्प बसणं चालणार नाही. मुलाला शिवीबरोबर तिचा शारीरिक तपशीलही माहीत असेल, त्याच्या वयाला कळू नये असं काही ते बोलून किंवा करून दाखवत असेल, किंवा नव्या शब्दांसोबत झोप उडणं, अंथरूण ओलं करणं, एखाद्या ठराविक माणसाकडे जायला घाबरणं सुरू झालं असेल, तर हा भाषेचा प्रश्न नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" एवढं म्हणा. उलटतपासणी करू नका, पाच नातेवाइकांसमोर परत परत सांगायला लावू नका. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, मग तो माणूस घरातला असला तरी. मूल जे बोललं ते त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. त्यात शिवी असेल तर ती गाळू नका.

आपल्या,
बालवाडीत आणि मुलांच्या समुपदेशनात काम करणाऱ्या काही जणी,
बडोदा